हिरवळीचा ताळेबंद

लँडस्केप आर्किटेक्चर ही मोकळ्या जागेची रचना करण्याची विद्या आहे. इमारत वजा करून जे उरते ते सारे या विद्येच्या ताब्यात येते: झाडे, पायवाटा, जमिनीचे चढउतार, पावसाच्या पाण्याची वाट, बाके, आणि 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी लावलेली हिरवळ. भारतात या विद्येची पदवी बहुधा थेट मिळत नाही. आधी बारावीला गणित घ्यायचे, 'नाटा' ही प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा दुसरा पेपर द्यायचा, पाच वर्षे बी.आर्क. करून इमारत कशी बांधावी हे शिकायचे आणि मग दोन वर्षे एम.आर्क. करून तिच्याबाहेर काय करावे हे शिकायचे. झाली सात वर्षे. सात वर्षांत बाणवली नारळ धरतो, हे कोकणात, रोह्यातल्या कोणत्याही घरी अशा वेळी सांगितले जाते. नारळाला फी नसते, हेही लगोलग सांगितले जाते.

हे शिक्षण देणाऱ्या संस्था मोजक्या आहेत. दिल्ली आणि भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट, पुण्यात कर्वेनगरचे भानुबेन नाणावटी महाविद्यालय ही त्यांतली ठळक नावे. शेवटचे फक्त मुलींसाठी आहे. रोह्याच्या मुलाला त्यामुळे पुणे सोडून अहमदाबाद, भोपाळ किंवा दिल्ली गाठावी लागते आणि रोह्याच्या मुलीला ताम्हिणी घाट उतरला-चढला की भागते. या व्यवसायात मुलगी असण्याचा रोख फायदा होतो अशी ही बहुधा एकमेव जागा.

पदवीचे मोल ठरवायचे तर कायदा तिच्याकडे कसा पाहतो ते आधी पाहावे. 1972 च्या आर्किटेक्ट कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवण्यास मनाई केली. ती मनाई करणारे कलम 37 वे. पण त्याच कलमात एक सवलत आहे: लँडस्केप आर्किटेक्ट आणि जहाजांचे आरेखन करणारा नेव्हल आर्किटेक्ट या दोघांना ही मनाई लागू नाही. खाली एका ओळीत व्याख्याही दिली आहे, की वनस्पती, झाडे आणि भूदृश्य यांच्या संदर्भात मोकळ्या जागांची रचना करतो तो लँडस्केप आर्किटेक्ट. संसदेने या क्षेत्राची दखल घेतली ती एवढीच, आणि तीही जहाजवाल्याच्या जोडीने. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सात वर्षांपैकी पहिल्या पाचांना कायद्याचे संरक्षण आहे आणि पुढच्या दोनांना नाही. उद्या रोह्याजवळच्या धाटावच्या नाक्यावर दहावी नापास गृहस्थाने 'लँडस्केप आर्किटेक्ट' अशी पाटी लावली, तर निदान या कलमाखाली त्याला कोणी हटकणार नाही. जहाजाच्या बाबतीत अशी हिंमत सहसा कोणी करत नाही, कारण जहाज बुडाले तर सगळ्यांना दिसते. बाग बुडाली तर माळी बदलतात.

अभ्यासक्रमात काय असते? जमिनीच्या समोच्च रेषा वाचणे, उतार देणे, पाण्याचा निचरा, माती, वनस्पतींची लॅटिन नावे, उद्यानांचा इतिहास, संगणकावरचे नकाशे, आणि या सर्वांवर पसरलेला 'स्टुडिओ', म्हणजे रात्रभर जागून केलेल्या कामावर सकाळी तज्ज्ञांनी 'पण यामागचा विचार काय?' असे विचारण्याचा तास. इयन मॅकहार्ग या स्कॉटिश-अमेरिकन प्राध्यापकाने 1969 साली मांडलेली पद्धत इथे आवर्जून शिकवतात: माती, उतार, पाणी, झाडे यांचे वेगवेगळे नकाशे एकावर एक ठेवायचे आणि कुठे बांधू नये ते शोधायचे. कोकणात हे ज्ञान गावाला पूर्वीपासून होते. भात खाचरात, वाडी वरकस जमिनीवर, घर त्याच्याही वर. ओढ्याच्या पोटात घर बांधायचे नाही, ही अक्कल नकाशावाचून होती आणि नकाशे आल्यावरच ती गेली.

रोह्याच्या विद्यार्थ्याला यातले बरेचसे घरीच भेटलेले असते, हीच त्याची अडचण. मोरीचे पाणी अळवाला, अळवाकडून केळीला आणि उरलेले नारळाच्या आळ्यात, ही परसातली व्यवस्था त्याने जन्मापासून पाहिलेली असते. तिलाच कॉलेजात 'सांडपाण्याचा विकेंद्रित पुनर्वापर' म्हणतात आणि तिच्यावर सत्राअखेर गुण मिळतात. सुटीत घरी आलेला मुलगा हे आजीला समजावून सांगतो. आजी शांतपणे ऐकून घेते आणि फी किती भरली ते विचारते.

फीचा हिशेब आता मांडावाच लागतो. सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तर प्रकरण बरेच स्वस्तात निभावते, पण तिथल्या जागा थोड्या आणि गुणवत्ता यादी लांब. खासगी महाविद्यालय नमुना म्हणून घेऊ. समजा बी.आर्क.ची फी वर्षाला दीड लाख आणि एम.आर्क.ची दोन लाख. म्हणजे साडेसात आणि चार मिळून साडेअकरा लाख. खोली आणि मेस मिळून महिना 12 हजार, वर्षाचे दहा महिने, सात वर्षे: 8 लाख 40 हजार. लॅपटॉप लागतो तो साधा चालत नाही, झाडांच्या पानांतून ऊन पडलेले दाखवू शकेल असा लागतो. त्याचे, प्लॉटरच्या प्रिंटांचे, फोमशीट, माउंटबोर्ड आणि फेव्हिक्विकचे मिळून दीड लाख धरावेत. बेरीज 21 लाख 40 हजार.

यातली मॉडेलची बाब जरा जवळून पाहण्यासारखी आहे. बागेचे मॉडेल करायचे तर झाडे लागतात आणि शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानात ती विकत मिळतात. म्हणजे वाळलेल्या फुलोऱ्याच्या काड्यांची जुडी असते, तिला हिरवा रंग फवारलेला असतो आणि भाव पाहून खऱ्या रोपाची आठवण येते. रोह्याचा विद्यार्थी ही जुडी घेत नाही. तो दिवाळीच्या सुटीहून येताना बांधावरच्या सुक्या काड्यांची पिशवी भरून आणतो, वर्गात वाटतो आणि हुशार असेल तर विकतो. या व्यवसायातली पुष्कळांची पहिली कमाई अशीच होते, आणि नफ्याचे हे प्रमाण पुढे आयुष्यात पुन्हा दिसत नाही.

साडेएकवीस लाखांतले सहा-साडेसहा लाख वडिलांच्या पीएफमधून आले आणि 15 लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले, असे धरू. साडेसात लाखांच्या पुढच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत असेल तर महिन्याचा हप्ता 19,800 रुपयांच्या आसपास पडतो; शिकत असताना साठलेले व्याज वेगळे. मुंबई-पुण्याच्या ऑफिसात नव्या लँडस्केप आर्किटेक्टला महिना 25 हजार मिळाले तर बोलणी बरी झाली असे समजतात. हप्ता जाऊन उरले 5,200. एवढ्यात मुंबईत राहता येत नाही, फक्त मुंबईतून घरी परत येता येते. रोहा-दिवा गाडी हा त्यामुळे या पदवीचा अलिखित विषय आहे. तिला हजेरी शंभर टक्के लागते आणि उशिराची सबब ऑफिसात एकदाच चालते.

हे आकडे घरात मांडले गेले की एक काका चिंतामणराव देशमुखांचे नाव काढतात. रोह्यात ते काढावेच लागते. देशमुखांचे बालपण रोह्यात गेले, 1917 साली त्यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले, आणि पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. म्हणजे झाडांचा अभ्यास केलेल्या मुलाची सही थेट नोटेवर! उदाहरण बिनतोड आहे. मधली एक पायरी तेवढी काका गाळतात: 1918 साली देशमुख आय.सी.एस.च्या परीक्षेला बसले आणि पहिले आले. पुढे ते दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक-अध्यक्ष झाले, आणि त्याला लागूनच असलेल्या लोदी उद्यानाची 1968 साली फेररचना केली ती आर्किटेक्ट जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो या अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्टने. तेव्हा रोह्याचा लँडस्केप आर्किटेक्चरशी संबंध आहे. फक्त तो शेजाऱ्याचा आहे.

रोह्यात या पदवीला काम आहे का? आहे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी आहे. कोकणात झाडे लावण्याचे पैसे देणे हे माशाला पोहण्याचे पैसे देण्यासारखे आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, कुंपणासाठी ठोकलेल्या खांबाला पालवी फुटते आणि न लावलेले गवत कमरेपर्यंत येते. अशा मुलखात हिरवाईला किंमत येते ती सरकारने कागदावर मागितली की. धाटावला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. अशा कारखान्यांना पर्यावरण मंजुरीच्या अटींत ठरावीक जागेवर हरितपट्टा राखावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2000 साली त्यासाठी मार्गदर्शिकाच काढली: कुठल्या वायूपुढे कुठले झाड तग धरते, रांगा किती, अंतर किती. आता, नियम मोडायचा नसतो आणि जागाही सोडायची नसते, या दोन इच्छांच्या मध्ये जो माणूस नकाशावर हिरवा रंग भरून देतो आणि त्याखाली सही करतो, तो लँडस्केप आर्किटेक्ट. फुलांशी त्याचा संबंध कमी, तक्त्यांशी जास्त. पण धनादेश वेळेवर निघतो, कारण पाहणीची तारीख ठरलेली असते.

दुसरे गिऱ्हाईक प्लॉटिंगवाले. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ही जागा कुठे निघते हे सांगायला पदवी लागत नाही: जिथे प्लॉट पाडता येत नाही तिथे. पदवी लागते ती ब्रोशरला. ब्रोशरमधल्या चित्रात संध्याकाळ असते, कारंजे असते, गोरे आजोबा नातीला घेऊन फिरत असतात आणि त्यांच्यावर मॅपलची सावली असते. मॅपल रोह्यात होत नाही. परंतु संगणकाच्या झाडांच्या संग्रहात तो पहिला येतो आणि त्याला पाणी घालावे लागत नाही.

नगरपालिकांच्या सुशोभीकरणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गाव कुठलेही असो, अशा निविदेत पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, गावावर प्रेम असल्याचे जाहीर करणारी दिव्यांची अक्षरे आणि शेवटी 'झाडे लावणे, नग' अशी ओळ असते. रचनाकाराची फी या ओळीच्याही खाली असते, म्हणजे पुढच्या पानावर.

खरी परीक्षा होते ती कोलाडच्या फार्महाऊसवर. साहेब मुंबईचे असतात, एकराची जागा असते आणि भेट मे महिन्यात ठरते. मोबाइलवर अलिबागच्या रिसॉर्टचे फोटो असतात. साहेबांना लॉन हवे असते, तेही 'सिलेक्शन' गवताचे, गेटपासून पोर्चपर्यंत. दोन्ही बाजूंना फॉक्सटेल पाम आणि कुंपणाला पिवळा ड्युरांटा. आर्किटेक्ट जागा पाहतो. वरच्या अंगाने येणारी घळ नेमकी लॉनच्या मधून जाते, हे त्याला दिसते. तो सांगतो, की लॉन इथे नको. इथे पाणी मुरू द्या, कडेला बकुळ, ताम्हण, कोकम लावा, चालायला जांभ्याची पायवाट करा.

"कोकम?" साहेब विचारतात. "ते तर इथे असतंच."

"हो ना, म्हणूनच."

हे 'म्हणूनच' शिकायला सात वर्षे लागलेली असतात आणि ते समजायला साहेबांकडे सात मिनिटे नसतात. तेवढ्यात हायवेवरचा नर्सरीवाला येतो. त्याच्याजवळ आराखडा नसतो, टेम्पो असतो. "झाडं आमच्याकडनं घ्या साहेब, डिझाइन फुकट." काम त्याला मिळते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घळ आपल्या जुन्या वाटेने येते आणि लॉन कंपाउंडच्या भिंतीशी गुंडाळी होऊन बसते. ऑगस्टमध्ये उरलेले पिवळे पडते. जानेवारीत टँकर लागतो. मग आर्किटेक्टला फोन येतो, आणि या वेळी तो फी आगाऊ मागतो. कोकणात या व्यवसायाचे खरे उत्पन्न पहिल्या पावसानंतर सुरू होते, हे कुठल्याही अभ्यासक्रमात सांगत नाहीत.

देखभाल ही तर या विद्येची कायमची दुखरी जागा. बाग उभारण्याचा खर्च एकदा होतो, ती राखण्याचा दर महिन्याला, आणि दुसऱ्या खर्चाबद्दल बोलणाऱ्याला पहिले काम मिळत नाही. या कोड्याचे उत्तर रोह्यातच जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराने वेगळ्याच दिशेने काढले. त्यांच्या वृक्षमंदिरांत गावोगावचे लोक आळीपाळीने पुजारी म्हणून जातात आणि झाडांची सेवा करतात. मजुरी शून्य, निष्ठा पूर्ण. फार्महाऊसच्या साहेबांना ही योजना ऐकून आवडते. पुजारी कुठे मिळतील, असे ते विचारतात.

परदेशाचा रस्ता वेगळ्या मापाने मोजावा लागतो. या व्यवसायाचे आधुनिक नाव रूढ झाले ते अमेरिकेत, न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडमुळे. त्याच्याच मुलाने 1900 साली हार्वर्डमध्ये या विषयाचा तिथला पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू केला. तिथे हा परवाना लागणारा धंदा आहे, लँडस्केप आर्किटेक्टचे मध्यम वार्षिक वेतन 80 हजार डॉलरच्या जरा आत आहे, आणि 2023 साली हा विषय अमेरिकेच्या विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या यादीत गेल्याने परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर एकूण तीन वर्षे तिथे काम करता येते. झाडे मोजणारा विद्यार्थी व्हिसापुरता इंजिनिअर झाला. मात्र खासगी विद्यापीठात वर्षाची फीच 50 हजार डॉलरच्या पुढे जाते. राहण्या-जेवण्यासह दोन वर्षांचे प्रकरण कोटीच्या पलीकडचे.

कोटी ही रक्कम रोह्यात रुपयांत सांगत नाहीत, गुंठ्यांत सांगतात. रस्त्याकडेचे अमुक गुंठे काढले की अमेरिका, आतल्या बाजूचे काढले की अहमदाबाद. जमिनीचे काय करावे हे शिकण्यासाठी जमीन विकण्याचा हा व्यवहार बारकाईने पाहावा, कारण घेणारा बहुधा मुंबईचा असतो, तो तिथे फार्महाऊस बांधतो आणि त्याला लॉन हवे असते. मुलगा सात वर्षांनी शिकून येतो तेव्हा गावातला सर्वांत मोठा संभाव्य ग्राहक त्याच्याच आजोबांच्या वरकस जमिनीवर बसलेला असतो. घळ कुठून येते हे त्या मुलाला नकाशा न पाहता ठाऊक असते. फी मागताना हे ज्ञान धरावे की सोडावे, याबद्दल व्यवसायात एकमत नाही.

ज्यांना एवढी जोखीम नको त्यांना आडवाटा आहेत. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातून उद्यानविद्येची पदवी घेता येते. कृषी शाखेत फुलशेती आणि लँडस्केप हा पदव्युत्तर विषयही असतो. खर्च बराच कमी, झाडे खरी, फोमशीट नाही. तिथून बाहेर पडलेल्याला कलम बांधता येते, माती हातात घेऊन निचरा सांगता येतो आणि रोपाला काय झाले ते लॅटिनशिवाय कळते. चित्र मात्र काढता येत नाही. उलट आर्किटेक्टला चित्र येते, पण चित्रातले रोप मेल्याची बातमी त्याला माळ्याकडून कळते. दोघांनी भागीदारी करावी असे सर्वांनाच वाटते. सहसा ती पहिल्या बिलापर्यंत टिकते.

या ताळेबंदात जमेची बाजू जड असलेली मंडळी कोण, ते कोलाड-नागोठण्याच्या पट्ट्यात हायवेने जाताना दिसते. पदवी घेऊन तीनचार वर्षे मुंबईच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या बागा रंगवून झाल्यावर त्यांनी गावी नर्सरी टाकलेली असते. धाटावच्या फाइलवर ते लँडस्केप आर्किटेक्ट असतात आणि कोलाडच्या साइटवर नर्सरीवाले. साहेबांना ते कोकम सुचवत नाहीत. ते आधी लॉनचा भाव सांगतात, मग निचऱ्याच्या चराचा, मग लॉन निम्मे केले तर किती वाचतील ते. साहेब स्वतःहून निम्म्यावर येतात आणि उरलेल्या जागेत 'काहीतरी लोकल' लावा म्हणतात. त्या 'लोकल'ची रोपे तयारच असतात, पावसाळ्यात आपोआप उगवलेली, पिशवीत भरलेली. डिझाइन नर्सरीच्या पाटीवर लिहिल्याप्रमाणे फुकट आणि चराच्या भावात वसूल. अशांचे कर्ज मुदतीआधी फिटते. त्यानंतरची पहिली खरेदी टेम्पोची असते.